खेळणं अर्धंच करावं

छत्तीसगढच्या भिलाईत मुलांच्या खेळण्यांचं वर्ष हरेलीपासून मोजावं. आपल्या पंचांगातली आषाढ अमावास्या, ती इकडची सावन अमावस. शेतकरी नांगर-कुदळी धुऊन पुजतात आणि घरातलं कुणी मोठं माणूस पोरांना बांबूची गेडी बांधून देतं. दोन बांबू, पाय ठेवायला दोन आडवे तुकडे आणि दोरी. चिखलातून चालताना दोरी कुरकुरते आणि पोरांना ते कुरकुरणंच हवं असतं. महिनाभराने पोळा येतो, छत्तीसगढीत ‘पोरा’. मुलांच्या हाती चाकांवरचा मातीचा नंदिया बैल, मुलींच्या वाट्याला मातीचं जातं, चूल आणि बोळकी, खायला ठेठरी-खुरमी. दिवाळीच्या दिवसांत सुआ नाच करणाऱ्या बायकांच्या टोपलीत धानावर मातीचा पोपट बसलेला असतो. वैशाखात अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी मुलं मातीच्या पुतरा-पुतरीचं, म्हणजे बाहुला-बाहुलीचं, लग्न लावतात, अगदी मांडव आणि वऱ्हाडासकट.

नागपूर इथून अडीचशेच्या थोडं वर किलोमीटर. तिथला तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरतो आणि मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो १८०६ साली सुरू केला असं नागपूरकर सांगतात. विदर्भातल्या खेड्यांत ज्वारीच्या धांड्याची साल आणि भेंड वापरून पोरं बैलगाडी करत, चष्मेही करत. छत्तीसगढ धानाचा मुलूख. इथे धांडा नाही, पण माती आणि बांबू भरपूर. मुलांच्या हाताला पिकांनी आणि जमिनीने असं सामान पुरवलं.

सोव्हिएत मदतीने भिलाईत पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. मग साऱ्या देशातून माणसं भिलाईला आली. सेक्टरांतल्या क्वार्टरांमध्ये पोरांना एकमेकांची भाषा कळायच्या आधी खेळ कळले. आपला भोवरा इथे भौंरा झाला, गोट्या बाटी झाल्या, लगोरी पिट्ठुल झाली आणि फुगडी तर फुगडीच राहिली. राज्य सरकारने २०२२ साली छत्तीसगढिया ऑलिंपिक भरवलं तेव्हा गेडीदौड, भौंरा, बाटी, फुगडी हे सगळे त्यात होते.

यातल्या बहुतेक खेळण्यांत एक सामाईक गोष्ट आहे. मोठ्यांनी ती पूर्ण करून दिलेली नसतात. गेडी बांधून मिळते, तोल मुलाने शिकायचा. पुतरी म्हणजे मातीचा गोळा, तिचं लुगडं, दागिने, सासर सगळं मुलांनी ठरवायचं. घरात मुलांबरोबर खेळणी करू पाहणाऱ्या आईबापांना मला एवढंच सांगायचं आहे: खेळणं अर्धंच करावं. इंटरनेटवर बघून बापाने रात्री जागून केलेला पुठ्ठ्याचा राजवाडा हे बापाचं खेळणं असतं. मूल त्याला हात लावायला बिचकतं.

पुहपुटराची सोनाबाई

घरच्या खेळण्याची मजल कुठवर जाते याचा या राज्यातला सर्वांत मोठा दाखला सरगुजा भागातला आहे. पुहपुटरा गावची सोनाबाई रजवार लग्नानंतर सुमारे पंधरा वर्षं जवळजवळ घरातच बंद असल्यासारखी राहिली. घरात लहान मुलगा, खेळणं एकही नाही, विकत आणायची सोय नाही. तिने अंगणातली माती मळून मुलासाठी खेळणी घडवायला सुरुवात केली. मग प्राणी, पक्षी, माणसं भिंतींवर चढली. बांबूच्या पट्ट्या वाकवून, बांधून, त्यावर माती लिंपून तिने जाळ्या केल्या आणि घरात ऊन-सावली खेळू लागली. रंग मातीचे, झाडपाल्याचे, स्वयंपाकघरातल्या मसाल्यांचे. १९८३च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनची माणसं तिच्यापर्यंत पोचली. पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मध्य प्रदेशचा तुलसी सन्मान मिळाला आणि तिचं काम परदेशी संग्रहालयांत गेलं. २००७ साली ती वारली. सुरुवात मात्र रडणाऱ्या पोराच्या हातात काहीतरी द्यायला हवं, एवढ्यावरूनच झाली होती.

बोर्डी, कोसबाड, पुणे

साध्या वस्तूंना शिक्षणाचा दर्जा मिळवून देण्यात महाराष्ट्रात झालेल्या कामाचा वाटा मोठा आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. माँटेसोरी पद्धतीवर दोघांचा विश्वास होता, पण परदेशी साहित्य महाग. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. वारली मुलांसाठी त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या हेच साहित्य मानलं. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यातून शिकवता येत होतं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. गावोगावच्या अंगणवाड्या त्या योजनेतल्या, पण त्यांच्यामागचा विचार आधी या दोघींनी करून दाखवला होता.

दुसरं नाव अरविंद गुप्ता यांचं. जन्म बरेलीचा, शिक्षण कानपूरच्या आयआयटीत, नोकरी पुण्याच्या टेल्कोत. १९७८ साली रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि आठवडी बाजारातल्या वस्तू चाळता चाळता त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सापडली. तिचे तुकडे करून त्यांत काडेपेटीच्या काड्या खोचल्या की सांधा तयार. पुढे २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली आणि त्यांच्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

काड्या-नळीचा खेळ भिलाईच्या मुलांनी तर करावाच. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. चौकोनात तिरपी काडी घातली की तोही ताठ उभा राहतो. मग मुलाला बाहेर न्यावं आणि विजेचे मनोरे, रेल्वेचा पूल, शेडचं छप्पर यांत त्रिकोण मोजायला सांगावं. ज्या गावात २६० मीटर लांबीचे रूळ तयार होतात तिथल्या पोराला लोखंड कसं उभं राहतं हे काडेपेटीतून कळतं.

घरात काय आहे?

वर्षाच्या आतल्या बाळाला टोपलीत लाकडी पळी, वाटी, मऊ फडकं, मोठं झाकण एवढं दिलं तरी पुष्कळ. किंडरगार्टनचा प्रणेता फ्रोबेल याच्या खेळसाहित्यातली पहिली भेटही लोकरीचे रंगीत चेंडूच होते. आपल्याकडे चिंध्यांचा चेंडू शिवता येतो.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला भरायला, ओतायला, रचायला आवडतं. चहाचे रिकामे डबे, पुठ्ठ्याची खोकी, एकात एक बसणाऱ्या वाट्या त्याला पुरतात. अमेरिकेतल्या एका संशोधनात (२०१८) दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिली. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. कपाट भरलेल्या घरांनी हे ध्यानात ठेवावं.

चार वर्षांपुढे कात्री, खळ आणि दोरा आला. एक चमचा मैदा अर्ध्या वाटी पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून मंद आचेवर शिजवला की खळ तयार. बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. घरच्या खळीत ते अजिबात नको, विष आहे. काडेपेटीच्या खोक्यांची आगगाडी, पिंपळाच्या पानाची पिपाणी, आंब्याच्या कोयीची पिपाणी, करवंटीचा तराजू, जुन्या मोज्याची बाहुली ही जुनी मंडळी अजून कामाची आहेत. कागद भिजवून, मेथ्या वाटून घालून कुटलेल्या लगद्याच्या टोपल्या आज्या करत. त्याच लगद्याचे मुखवटे होतात, पोळ्याचा बैलही होतो. रंगाला हळद, गेरू, बीट, कोळसा आहेतच. बैल मुलगी करील आणि चूल मुलगा मांडील, तर बाजाराने केलेली वाटणीही आपसूक मोडेल.

बटणाच्या भिंगरीला मात्र मी सगळ्यांत वरचा मान देईन. दोन भोकांच्या बटणातून किंवा पुठ्ठ्याच्या चकतीतून दोऱ्याचा फास ओवायचा, पीळ द्यायचा आणि ताणायचं. पीळ सुटताना चकती गरगरते आणि वेगाच्या जोरावर दोऱ्याला उलटा पीळ देते. ताण देण्याची आणि सैल सोडण्याची लय सापडली की ती थांबत नाही. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने याच खेळण्यावरून कागदाचं अपकेंद्री यंत्र बनवलं आणि २०१७ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. वीस सेंटचं हे यंत्र मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत जातं आणि दीड मिनिटात रक्तातला द्रव वेगळा करतं. जिथे वीज नाही तिथे हिवतापाच्या तपासणीसाठी ते उपयोगी पडावं हा त्यामागचा हेतू.

जपायचं काय

घरचं म्हणून सगळं निर्धोक नसतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासायला सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीची नळी वापरतात. तिच्यात मावेल ती वस्तू घशात अडकू शकते. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. तेवढीच काय, त्याहून थोडी मोठी वस्तूही बाळाच्या हाती नको. चिंचोके, मणी, बटणं थोरल्यांसाठी ठेवावीत. गुंजा आणि एरंडाच्या बिया कुणालाच देऊ नयेत. त्या चावल्या गेल्या तर जिवावर बेतू शकतं. खुळखुळ्यासाठी तांदूळ किंवा हरभरे घालावेत आणि बाटलीचं झाकण पक्कं चिकटवावं. लहानग्याच्या खेळण्याची दोरी वीतभराहून लांब नको. बटणासारखी गोल बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. फुटलेला फुगाही धोक्याचा. घरातला जुना तैलरंग वापरू नये, त्यात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आली ती २०१७ साली, आणि माळ्यावरचा डबा बहुधा त्याआधीचा असतो.

सरकारनेही खेळण्यांकडे वळून पाहिलं आहे. १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली, आयात कर आधी ६० आणि मग ७० टक्के झाला. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ ही खेळसाहित्याची पेटी आली. हे चांगलंच आहे. पण पेटी कपाटात कुलपाखाली राहिली तर तिचा उपयोग शून्य, आणि अंगणवाडीताईला स्वतः काही करून बघायला वेळ मिळाला नाही तर कुठलीही पेटी पुरणार नाही.

या दिवाळीत घरात खोकी येतील, फराळाचे डबे रिकामे होतील, पणत्या उरतील. त्यातलं थोडं सामान, खळीची वाटी आणि बोथट टोकांची कात्री मुलांच्या पुढ्यात ठेवा. पहिली घडी तुम्ही घाला, पहिलं भोक तुम्ही पाडा, मग शेजारी बसा आणि हात आवरा. गाडीची चाकं वाकडी झाली तर वाकडीच राहू द्या. ती सरळ का धावत नाही, हे मुलालाच शोधून काढू द्या.