बेसचा बॉस, मिरजेचा भोपळा!

बेस गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली भारीतली गिटार कधी घेतली? साल, दुकान, किंमत, सोबत कोण होतं, सगळं धडाधड बाहेर येतं! आता हाच प्रश्न सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या गवयाला विचारून बघा. वाद्य बदलेल, डोळ्यांतली चमक तीच. कारण आपल्याकडचा हाय-एंड बेस मिळतो मिरजेत, आणि तो बनतो चक्क भोपळ्यापासून!

तंबोराच म्हणतोय मी. तानपुरा म्हणा हवं तर. त्याची चौथी तार म्हणजे खर्ज. पितळी, जाडजूड, सगळ्यांत खालचा स्वर धरून बसलेली. बाकीच्या तारा पोलादी, ही एकटी सोनेरी. आहे की नाही स्टार?

माहीत आहे का, खर्ज किती खोल जातो? काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर बोलतो. चार तारांच्या बेस गिटारची मोकळी डी तार बोलते ७३ हर्ट्झवर. म्हणजे आपला खर्ज डीच्याही खाली! बेस गिटारच्या ए आणि ई या तारा आणखी खाली उतरतात हे खरं, पण तिला आवाज पोचवायला अँप्लिफायर लागतो. भोपळ्याला प्लग लागत नाही.

तंबोरा घडवणारेच हात सतारही घडवतात. सतार म्हटल्यावर सातारा आठवला? स्टेशन चुकलं! कोयना एक्सप्रेसमध्ये साताऱ्याला बसा, कराड आणि सांगली मागे टाका आणि उतरा मिरज जंक्शनला. मीरासाहेबांच्या दर्ग्याची वाट धरा. जवळच सतारमेकर गल्ली. इथं धंदाच आडनाव झालाय. दुकानाच्या पाटीवर सतारमेकर, आधार कार्डावरही सतारमेकर!

हे जंक्शनही भलतंच संगीतमय. एके काळी मिरजेत ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. बेसवाले तारांचे गेज निवडतात, मिरजकरांकडे रुळांचे गेज निवडायची सोय! त्यातली नॅरोगेज जायची पंढरपूरकडे. आणि तंबोऱ्याचा भोपळा कुठून येतो, माहीत आहे का? त्याच पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून, भीमेच्या काठावरून.

हा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू! चव कडू म्हणून कीड त्याच्या वाटेला जात नाही, आणि म्हणूनच वाद्य वर्षानुवर्षं टिकतं. पुरुषी तंबोऱ्याच्या भोपळ्याचा घेर पन्नास इंचांच्या पुढे जातो. वेलावर पिकला, उतरवला, महिनोन्‌महिने वाळवला, मग पाण्यात भिजवून कापला आणि आतून खरवडून काढला. एवढं झाल्यावर त्याला तुन लाकडाची दांडी आणि तबली भेटते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी आपल्याला लहानपणीच भेटलेली असते. या भोपळ्यात तर अख्खा खर्ज बसतो.

आता जरा तलवारी काढू. दचकू नका! मिरजेचे पहिले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे आणि धार लावणारे कारागीर. संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारीची मागणी आटली. पण पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत गाणं-बजावणं जोरात होतं. उत्तरेतून येणारे गवई वाद्यं घेऊन येत आणि ती बिघडली की दुरुस्त कोण करणार? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब सतारमेकरांनी हे काम हातात घेतलं. दुरुस्ती करता करता वाद्याची कुंडलीच हाती आली. पोलादाची पात जोखणाऱ्या हातांनी पोलादाची तार जोखली. मला विचाराल तर मिरजेचा हाच सगळ्यांत झकास किस्सा. शस्त्रांच्या कारखान्याचा स्वरांचा कारखाना होणं, असं करिअर चेंज जगात किती गावांच्या नशिबी आलं असेल?

ब्रेक! थेट हॅम्बुर्गला चला. १९६१ साली बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं तिथं हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार घेतली, सुमारे ३० पौंडांना. तो डावखुरा, आणि दोन्ही बाजू सारख्या असलेली ही गिटार उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती. १९७२ मध्ये ती लंडनमध्ये चोरीला गेली. सापडली कधी? मॅकार्टनीला ती परत मिळाल्याची बातमी जगानं वाचली २०२४ मध्ये! अर्ध्या शतकानंतर!

आणि माहीत आहे का, त्याच २०२४ साली मिरजेतही पेढे वाटण्याजोगी गोष्ट घडली. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा, दोघांनाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. एका गावाला, दोन वाद्यांना, एकाच वेळी! सतारीचं मानांकन मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरच्या नावावर, तानपुऱ्याचं सोलट्यून या उत्पादक फर्मच्या. आता ‘मिरज’ हे नाव कुणीही उठून कुठल्याही तंबोऱ्याला चिकटवू शकत नाही. हे फार आधी व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. स्टेजवर टाळ्या गायकाला, तबलजीला, पेटीवाल्याला. तंबोरा घडवणाऱ्याचं नाव निवेदकाच्या कागदावर अजूनही क्वचितच असतं.

बीटल्सचा विषय निघालाच आहे तर हेही घ्या. जॉर्ज हॅरिसनची पहिली सतार आली १९६५ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या इंडियाक्राफ्ट नावाच्या दुकानातून. हस्तकलेच्या वस्तू विकणारं दुकान! तीच सतार त्याच वर्षी रबर सोल अल्बमवर वाजली आणि पाश्चात्त्य पॉपमध्ये सतारीची लाट आली.

पुन्हा मिरज. अब्दुल करीम खाँसाहेब आणि विष्णु दिगंबर पलुसकर या दोन गवयांत एक भन्नाट योगायोग आहे, माहीत आहे का? दोघांचं जन्मसाल एकच, १८७२. एक कैरान्याचा, दुसरा कुरुंदवाडचा. दोघांच्या आयुष्यात मिरज! पलुसकर इथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. खाँसाहेब इथं येऊन राहिले आणि कायमचे मिरजेचे झाले. पलुसकरांच्या शिष्यपरंपरेतून उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालयही मिरजेतच. म्हणजे मंडळाच्या संगीत विशारद परीक्षेचा धागा आणि रियाजाचा तंबोरा, दोन्हींचा पिनकोड एक.

खाँसाहेबांचा कुत्रा गायचा! खरंच. टिपू मियाँ त्याचं नाव. खाँसाहेबांनी त्याला सूर लावायला शिकवलं होतं आणि त्याचे चक्क जाहीर कार्यक्रम झाले. सूर लावणारा प्राणी आज असता तर रीलवर मिलियनमध्ये व्ह्यूज असते.

आणि हा टिपूचा मालक शेवटच्या क्षणीही सुरातच होता. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीला जाताना वाटेत बरं वाटेना, म्हणून ते सिंगपेरुमाळ कोईल या छोट्या स्टेशनवर उतरले. तिथं फलाटावरच तंबोरा जुळवून घेतला, दरबारीत प्रार्थना म्हटली आणि डोळे मिटले, असं सांगतात. त्यांची कबर मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. दरवर्षी तिथं देशभरातले कलाकार हजेरी लावतात.

साताऱ्याला विसरलो नाही हं! १९११ साली साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली. फिलहार्मोनिक म्हटल्यावर बर्लिन-व्हिएन्ना आठवते ना? आपली होती अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला! मागे दोन माणसं: सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी ई. क्लेमेंट्स. दोघांना ध्यास बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचा. देवलांनी श्रुतींची मोजदाद केली तेव्हा गळा कुणाचा होता? अब्दुल करीम खाँसाहेबांचा. या खटाटोपातून श्रुती हार्मोनियम तयार झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून जोरदार वाद रंगला. सूर मोजता येतो की नाही, यावर एवढी गरमागरमी! जिल्ह्यातल्या औंधचंही ऐका. तिथला संगीत महोत्सव १९४० पासूनचा. सेलिब्रिटी फेस्टिव्हलांच्या कितीतरी आधीचा.

आता थोडं सायन्स, घाबरू नका. तार जिथं छेडाल तिथं ज्या उपस्वरांचे स्थिर बिंदू येतात, ते उपस्वर ऐकू यायला नकोत, असा भौतिकशास्त्राचा जुना नियम. तंबोऱ्यानं तो नियम धाब्यावर बसवला! ही गोष्ट कुणी पकडली, माहीत आहे का? सी. व्ही. रामन यांनी, १९२१ च्या सुमारास. म्हणजे नोबेलच्या बऱ्याच आधी ते तंबोऱ्याच्या घोडीपाशी, म्हणजे तारा टेकतात त्या पुलापाशी, बसले होते. गंमत सगळी त्या घोडीच्या माथ्यात. तो सपाट नसतो, किंचित उतरता घासलेला असतो. थरथरणारी तार त्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि खाली सरकवलेला दोरा ती जागा नेमकी ठरवतो. हीच जवारी.

बेसवाल्यांनो, हे ओळखीचं वाटतंय का? पडदे काढून टाकलेल्या फ्रेटलेस बेसचा तो गुंजणारा, लांबलेला नाद याच तत्त्वावर चालतो. तिथंही तार लाकडाला घासून जाते. १९५१ मध्ये लिओ फेंडरनं बेस गिटारला पडदे बसवले ते अचूक सुरासाठी, नावही ठेवलं प्रिसिजन बेस. पुढं जाको पास्टोरियससारख्या वादकानं ते पडदे काढले आणि ती गुंज मिळवली. तंबोऱ्याला पडदे कधी नव्हतेच!

मिरजेतली पहिली खरेदी मात्र काउंटरवर कार्ड सरकवून होत नाही. तुमची पट्टी सांगा, काळी एक की काळी चार. पट्टीवर भोपळा ठरतो, दांडीची लांबी ठरते, तारा ठरतात. बायकांचा तंबोरा लहान, पुरुषी चांगला पाच फुटांपर्यंत उंच. मैफलीसाठी घेणार असाल तर जोडीच घ्या, एकाच्या सुरात दुसऱ्याचा सूर विरघळायला हवा. मग थांबा. घाई नाही. बोलावणं आलं की कारागीर तुमच्यासमोर जवारी काढतो. कानस दोनदा फिरते, तार छेडली जाते, मान हलते, पुन्हा कानस. हा कार्यक्रम एकदा पाहिलेला माणूस जन्मभर सांगत राहतो. निघताना तंबोऱ्यावर गवसणी चढते. आकाशाला घालतात तीच!

फोनमध्ये तंबोऱ्याचं ॲप आहे की, म्हणाल. आहे, आणि प्रवासात ते मस्त कामाला येतं. पण मांडीला टेकलेल्या भोपळ्यातून खर्ज हाडांपर्यंत पोचतो, ते फोनला जमत नाही. एकदा दुकानात बसून बघाच.

आणि घ्यायला निघालात तर इतकं करा. नक्षीवर भाळू नका, नक्षी फोटोला छान. डोळे मिटून आधी खर्ज छेडा आणि तो किती वेळ टिकतो ते ऐका. दोरा थोडा पुढेमागे करून नाद कुठं उघडतो ते बघा. खुंट्या पिळून बघा, सरकत तर नाहीत ना? आणि बिलावर दुकानाचं नाव असेलच, पण जवारी कुणी काढली त्याचं नाव आणि नंबर वेगळा लिहून घ्या. वाजवून वाजवून घोडी झिजली, आवाज बसला, की फोन त्यांनाच लावायचाय!