रशियाहून न्हावा शेवाला, रूळ बदलत

आपल्या कोकणातल्या घरांत कुणी ना कुणी जहाजावर किंवा आखातात असतंच, त्यामुळे बंदर अब्बास हे नाव परकं नाही. जुलै 2022 मध्ये मॉस्कोजवळच्या चेखव स्टेशनातून 39 कंटेनरची मालगाडी न्हावा शेवासाठी निघाली. कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, मग इराण. बंदर अब्बासपासून पुढे जहाज. सुएझचा लांब वळसा वाचतो.

मुलं विचारतात, सर, गाडीच थेट इथे का येत नाही? पाकिस्तानातून वाट नाही, हे एक. दुसरं म्हणजे रूळ. रशिया आणि मध्य आशियात दोन रुळांमधलं अंतर 1520 मिलीमीटर, इराणात 1435, आपल्याकडे 1676. म्हणून इराणच्या सरहद्दीवर एकतर डब्यांची चाकं बदलायची, नाहीतर कंटेनर क्रेनने उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवायचा. आतल्या मालाला हात लावायची गरज नाही. कंटेनरची खरी करामत हीच.

न्हावा शेवा बंदर 1989 पासून चालू आहे, तरी आपली पोरं दहावी झाली की आधी पासपोर्ट काढतात. क्रेन, गोदाम, कस्टमचे कागद ही कामं उरणलाच आहेत. कागद मात्र इंग्रजीत असतात, आणि आपल्या वर्गांत नेमकं तेच कच्चं राहतं.