जमिनीची विद्या व तिचें उच्च शिक्षण

घोडेगांव हें आंबेगांव तालुक्याचें मुख्य ठिकाण. येथील कचेरीच्या आवारांत कामाच्या दिवशीं क्षणभर उभें राहिलें, तर कागदांची गुंडाळी हातांत धरून तिष्ठत बसलेले शेतकरी दृष्टीस पडतात. कोणास सात-बाराचा उतारा हवा असतो, कोणाची फेरफाराची नोंद अडलेली असते, तर कोणाच्या बांधाची मोजणी व्हावयाची असते. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचे वडील केव्हां ना केव्हां या मंडळींत बसले असतील. ज्या कागदासाठीं ते तेथें दिवस घालवितात, तो कागद ज्या शास्त्रांतून निर्माण होतो त्या शास्त्राचें आज विद्यापीठांत पदवीनंतरचें शिक्षण मिळतें, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांस ठाऊक आहे. त्या शिक्षणाची ओळख वाचकांस करून द्यावी, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

या विद्येचीं दोन अंगें आहेत. जमीन कोठें आहे, केवढी आहे, तिचा उतार किती, तिच्यावर काय उगवतें, या प्रश्नांचीं उत्तरें देणारें अंग तें भूमाहितीशास्त्र. ती जमीन कोणाची, तिच्यावर कोणाचा कोणता हक्क, तिचें मोल काय, आणि तिचा उपयोग कसा केला असतां सर्वांचें हित होईल, हें पाहणारें अंग तें भूमिव्यवस्थापन. पहिलें अंग डोळ्यांचें काम करतें, दुसरें विवेकाचें. एकावांचून दुसरें लंगडें आहे, हें आपल्या पुणें जिल्ह्याच्या इतिहासावरूनच दिसून येतें.

जमीन मोजण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे. शिवकालीं अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखालीं जी मोजणी झाली, तिच्यांत पांच हात व पांच मुठी लांबीची काठी प्रमाण मानली होती. पुढें इंग्रजी अंमल आल्यावर प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें १८३० च्या सुमारास पुणें जिल्ह्यांत नवी मोजणी व आकारणी केली. शेताचें उत्पन्न व खर्च यांचा बारीक हिशेब करून सारा ठरविण्याची त्याची पद्धत कागदावर मोठी शास्त्रशुद्ध होती. परंतु तिचा पायाच सदोष निघाला. सारा जड झाला आणि कित्येक शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. तेव्हां १८३५ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट या दोघांनीं इंदापूर तालुक्यापासून पुन्हां आरंभ केला. त्यांची पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालानें कायम झाली व सर्व मुंबई इलाख्यांत पसरली.

त्या पद्धतींतील माप अद्यापि आपल्या बोलण्यांत आहे. मोजणीची साखळी तेहतीस फूट लांब. ती लांबीरुंदीस एकेकदां लावली कीं एक गुंठा झाला. आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि त्याची चाळीसपट ४३,५६० चौरस फूट, म्हणजे बरोबर एक एकर होतो. त्याच पद्धतींत मातीची खोली व पोत पाहून जमिनीचे नऊ वर्ग केले जात, आणि प्रत्येक वर्गाची किंमत आण्यांत मांडीत. उत्तम जमीन सोळा आण्यांची; रेताड, उतरती वा चोपण असेल त्या मानानें आणे कमी होत. ही आणेवारीची युक्ति वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां आजच्या साधनांकडे वळूं. साखळी व फलकयंत्र यांच्या जागीं आतां उपग्रहांवरून स्थान सांगणारीं यंत्रें आलीं आहेत. तीं चालतात कशीं? पृथ्वीपासून सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरत असतात, आणि प्रत्येकावर अत्यंत अचूक घड्याळ असतें. उपग्रहानें धाडलेला संदेश यंत्रापर्यंत येण्यास जो वेळ लागतो, त्यावरून दोहोंमधील अंतर निघतें. संदेशाचा वेग प्रकाशाचा, म्हणजे सेकंदास तीन लक्ष किलोमीटर. यास्तव घड्याळांत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची जरी चूक झाली, तरी अंतरांत तीनशें मीटरांची चूक पडते. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरते, आणि आपल्या हातांतील साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठीं चौथा उपग्रह लागतो.

खिशांतील दूरध्वनिसंचावर घोडेगांवाचें स्थान पाहिलें, तर साधारणतः उत्तर अक्षांश १९ अंश व पूर्व रेखांश ७३ अंश ५० कला असें दिसेल. परंतु त्यांत कांहीं मीटरांचा फरक असूं शकतो. वाट शोधण्यास एवढें पुरे. बांध ठरविण्यास मुळींच पुरें नाहीं. एक गुंठा रुंदीची पट्टी म्हणजे सुमारें दहा मीटर; तिच्यांत पांच मीटरांची चूक म्हणजे अर्धें शेतच शेजाऱ्याच्या घरांत! म्हणून ज्याचें स्थान आधींच नेमकें ठाऊक आहे, अशा स्थिर केंद्राशीं ताडून पाहून चूक काढून टाकावी लागते; मग मोजणी कांहीं सेंटिमीटरांपर्यंत बरोबर येते. हें तारतम्य ज्यास कळत नाहीं, त्याच्या हातीं उत्तम यंत्र दिलें तरी तो भाऊबंदांत भांडणच लावील.

दुसरें साधन दूरसंवेदनाचें. निरोगी पान मानवी डोळ्यास न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. रोगट पान तितके फेंकीत नाहीं. १९७० च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांनीं केरळांतील नारळीच्या बागांचीं अशीं छायाचित्रें हवेंतून घेऊन झाडांवरील रोग हुडकला, आणि आपल्या देशांत या शास्त्राचा पाया घातला. १९८८ मध्यें नियमित कार्यासाठीं बनविलेला भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आकाशांत गेला. आज पिकाखालील क्षेत्र, धरणांतील पाण्याचा पसरलेला विस्तार, वणव्यानें जळलेलें रान, हें सर्व वरून पाहतां येतें.

तिसरें साधन भौगोलिक माहिती प्रणालीचें. पातळ पारदर्शक कागदांवर एकेक नकाशा काढून ते सर्व एकावर एक ठेवावे, तसें हें काम संगणकांत होतें. एका थरावर उतार, दुसऱ्यावर माती, तिसऱ्यावर ओढे, चौथ्यावर घरें व शेतांच्या हद्दी. १९६० नंतरच्या दशकांत कॅनडा देशांत रॉजर टॉमलिन्सन यांनीं या प्रणालीचा आरंभ केला, तो देशांतील जमिनीची नीट यादी व्हावी याच हेतूनें.

या साऱ्या विद्येचें मोल आपल्या तालुक्यानें फार कठोरपणें जाणलें आहे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं, मुसळधार पावसांत, माळीण गांवावरचा डोंगर खचून खालीं आला. घरें माणसांसह चिखलाखालीं गाडलीं गेलीं, आणि सुमारें दीडशें माणसें मरण पावलीं. नित्याप्रमाणें एस. टी. घेऊन गेलेल्या चालकास गांवच जागेवर दिसलें नाहीं, तेव्हां बाहेरच्या जगास हें वृत्त कळलें. त्या दिवसाची आठवण ज्या घरांत आहे, तेथें आम्ही अधिक काय सांगावें?

परंतु विद्यार्थ्यांनीं हा प्रश्न विचारला पाहिजे कीं, असा धोका आगाऊ ओळखतां येतो काय? अमुक दिवशीं अमुक कडा कोसळेल, असें कोणी सांगूं शकत नाहीं. परंतु कोणती जागा अधिक धोक्याची, हें पुष्कळ अंशीं सांगतां येतें, आणि त्याची रीत म्हणजे आपली तीच जुनी आणेवारी. उतार किती त्यास इतके आणे, मातीचा थर किती जाड त्यास इतके, पाण्यास वाट आहे कीं तें मुरून बसतें त्यास इतके, झाडी राहिली कीं गेली त्यास इतके. थरावर थर ठेवून बेरीज केली, म्हणजे धोक्याच्या जागा नकाशावर वेगळ्या दिसूं लागतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें २०१४ पासून देशांतील डोंगराळ मुलखाचे असे नकाशे करण्याचें कार्य हातीं घेतलें. २०२३ मध्यें राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्रानें भूस्खलनांचा जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यांत १९९८ ते २०२२ या काळांतील सुमारें ऐंशी हजार भूस्खलनांची नोंद आहे.

येथें एक मेख आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ते नकाशे एकास पन्नास हजार या प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरील एक सेंटिमीटर हा भूमीवरील पांचशें मीटर. दोनशें मीटर लांबीची वाडी त्यावर अवघी चार मिलिमीटर भरते, आणि दहा मीटर रुंदीचा ओहोळ केसासारखा होतो. सरकारनें कोणत्या खोऱ्याकडे आधीं लक्ष द्यावें, हें या नकाशावरून कळेल. परंतु वाडींतील कोणतें घर हलवावें, हें कळणार नाहीं. त्यासाठीं मोठ्या प्रमाणाचा नकाशा हवा, पायीं हिंडून केलेली पाहणी हवी, आणि भिंतीस तडा केव्हां गेला, झरा कोठें नव्यानें फुटला, हें सांगणारे गांवकरी हवेत. त्यांची भाषा ज्यास येते, असा शिकलेला मनुष्य हवा. आमच्या मतें या लेखाचें सार इतकेंच आहे.

आणि घर हलवावयाचें ठरलें, तर दुसरें अंग पुढें येतें. नवी जागा कोणाची? तिचा मोबदला किती? मूळ जमिनीवरचा हक्क राहतो कीं जातो? डिंभें धरणाच्या जलाशयाखालीं जुनें आंबेगांव बुडालें आणि तालुक्यास केवळ नांव उरलें. विस्थापन म्हणजे काय, हें या खोऱ्यास शिकवावें लागत नाहीं. तसेंच २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें आदिवासी कुटुंबास कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेंत, हक्क मिळूं शकतो. त्या दाव्यासाठीं जमिनीची मोजणी लागते. ती चुकली तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेलें शेत कागदावर येत नाहीं. प्रिंगलच्या हिशेबानें गांवें ओस पाडलीं, हें विसरून चालणार नाहीं. मोजणारा चुकला तर शिक्षा शेतकऱ्यास होते.

आतां शिक्षणाविषयीं. पदव्युत्तर शिक्षण बहुधा दोन वर्षांचें असतें. भूगोल, भूशास्त्र, कृषि, स्थापत्य, संगणक अशा नाना विषयांचे पदवीधर त्यास येतात. प्रवेशाचे नियम त्या त्या संस्थेचे निराळे असतात. पुण्यास सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठांत भूगोलाचा विभाग आहे, तसेंच भूमाहितीशास्त्रास वाहिलेली सिंबायोसिसची संस्था आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत १९७६ पासून साधनसंपत्तीच्या अभ्यासाचें केंद्र चालत आलें आहे. डेहराडून येथील भारतीय दूरसंवेदन संस्था १९६६ मध्यें निघाली, तिला नेदरलंड्स देशांतील आय. टी. सी. या संस्थेचें साहाय्य होतें. ती संस्था १९५० मध्यें स्थापन झाली असून २०१० पासून ट्वेंटे विद्यापीठाचा भाग आहे. जर्मनींत म्यूनिक येथील तांत्रिक विद्यापीठानेंही भूमिव्यवस्थापनाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविला, आणि त्यांत देशोदेशींचे विद्यार्थी जमिनीचे कायदे, मूल्यमापन व नगररचना हे विषय मोजणीच्या जोडीनें शिकत आले.

पालकांस एक गोष्ट मोकळेपणानें सांगणें आमचें कर्तव्य आहे. पदवी मिळाली कीं नोकरी चालून येते, असें नाहीं. शिवाय, केवळ भूकरमापकाची जागा हवी असेल, तर एवढा खर्च करण्याचें कारण नाहीं. तीस स्थापत्याची पदविका किंवा सर्वेक्षकाचें प्रमाणपत्र यांचा मार्ग आहे. ज्यास नकाशा वाचण्यावर न थांबता त्याचा अर्थ लावावयाचा आहे, पाटबंधारे, शेती, नगररचना वा आपत्तिनिवारण यांच्या योजना आंखावयाच्या आहेत, त्यानें पुढचें शिक्षण घ्यावें. मुलीही या विद्येंत उत्तम प्रकारें चमकूं शकतात. तेव्हां मुलगी म्हणून कोणी मागें ठेवूं नये.

विद्यार्थ्यांस तयारी आजपासून करतां येईल. भूमिति व त्रिकोणमिति यांचा कंटाळा करूं नये. सारी मोजणी त्रिकोणावर उभी आहे. भूगोलाच्या तासास नकाशा उतरवून न घेतां समजून घ्यावा. मराठी चांगली शिकावी, आणि साधल्यास मोडी लिपीही. कारण जुने हक्क जुन्या कागदांत आहेत, आणि ते कागद ज्यास वाचतां येत नाहींत त्याचा संगणक त्या बाबतींत मुकाच.

शेवटीं एक छोटेंसें काम सुचवून हा लेख पुरा करतों. या सुटींत प्रत्येकानें आपल्या वाडीचा एक नकाशा हातानें काढावा. पावलांनीं अंतरें मोजावीं. घरें, विहीर, शाळा, पायवाटा दाखवाव्या. पावसाचें पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें निळ्या रेघांनीं दाखवावें. आणि घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून, पूर्वीं कोठें दरड पडली होती तेथें तांबडी खूण करावी. वडील तुमच्या नकाशांतील चुका काढतील. त्या दुरुस्त करून तो नकाशा नीट जपून ठेवावा. जमिनीच्या विद्येचा पहिला धडा तोच होय, आणि उद्यां तुमच्यापैकीं कोणी हें शास्त्र शिकून परत आला, तर त्यास आरंभ करण्यास तोच कागद उपयोगीं पडेल.