यंत्रानें काय गाळलें?

दोन वर्षांपूर्वीं एकदां रात्रीं जेवतांना मी सहज म्हणालों, “हल्लीं आपल्या घरांत गाणें ऐकूं येत नाहीं.” पुतण्या हंसून म्हणाला, “काका, आज या घरांत जितकें गाणें वाजतें तितकें पूर्वीं कधींच वाजलें नसेल. फक्त तें ज्याच्या त्याच्या कानांत वाजतें!” त्याचें म्हणणें खरें होतें, आणि माझेंहि खोटें नव्हतें. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या कशा, याचा विचार करतां जें सुचलें व पुढें जें घडलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझें बालपण मिरजेस गेलें आणि नोकरीहि तेथेंच झाली. आजोबांचा चावीचा ग्रामोफोन माझ्या लहानपणीं घरांत होता. त्याची तबकडी मिनिटाला ७८ वेळां फिरे आणि एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन मुद्रित झालें. तेव्हांपासून जवळजवळ अर्धें शतक आमच्या गवयांना तासाभराचा ख्याल या तीन मिनिटांत बसवावा लागला. मिरजेस ज्यांचें दीर्घकाळ वास्तव्य होतें, त्या अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्या आज आपण ऐकतों त्या याच मापाच्या. म्हणजे यंत्रानें प्रथम गाळला तो काळ. ही उणीव पुढें यंत्रांनींच भरून काढली. १९४८ सालीं एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी तबकडी निघाली, १९६३ सालीं कॅसेट आली, आणि १९८२ सालीं आलेल्या सीडीवर ७४ मिनिटांचें गायन एका दमांत मावूं लागलें.

सीडीबरोबर नाद आंकड्यांत लिहिण्याची रीत घरोघरीं आली. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळां मोजावयाची व ते आंकडे टिपून ठेवावयाचे, अशी ती पद्धति. हे आंकडे फार होतात. ते कमी कसे करावे याचा शोध जर्मनींतील एर्लांगेन येथील संशोधकांनीं इतरांच्या साह्यानें चालविला, आणि त्यांतून ‘एमपी-थ्री’ जन्मास आली. १९९५ सालीं तिला हें नांव मिळालें. तिचें तत्त्व मोठें चतुर आहे. लग्नघरांत सनई-चौघडा वाजूं लागला, कीं शेजारीं बसलेल्या दोघींची कुजबूज आपणांस ऐकूं येत नाहीं. मग जी ऐकूंच येणार नाहीं, ती लिहावी कशाला? या न्यायानें मोठ्या आवाजाखालीं झांकले जाणारे बारीक नाद वगळले, तर सीडीवरील गाणें सुमारें अकराव्या हिश्शांत मावतें. परंतु आकार त्याहूनहि आवळला, तर कुजबुजीबरोबर कामाच्या गोष्टीहि जातात. यंत्रानें दुसऱ्या खेपेस गाळला तो हा सूक्ष्म नाद.

याचा अनुभव मला घरींच आला. आमचे थोरले बंधु अण्णा उत्तम गात. १९८६ सालच्या गणेशोत्सवांत घरच्या बैठकींत ते गायले, त्याची एकच कॅसेट होती. अण्णा १९९८ सालीं गेले. पुढें २००६ सालीं पुतण्यानें, म्हणजे अण्णांच्याच मुलानें, घरांतील सर्व कॅसेटी संगणकावर उतरविल्या. “शक्य तितकी जागा वांचव,” ही आज्ञा माझी. आणि काम होतांच बुरशी धरलेल्या कॅसेटी रद्दीवाल्यास देण्याची घाईहि माझीच. वर सांगितलेल्या जेवणानंतर आठवड्याभरानें, ज्यानें अण्णांना पाहिलेंहि नाहीं त्या माझ्या चौदा वर्षांच्या नातवानें तें गाणें लावलें आणि विचारलें, “आजोबा, मागें हें पाण्याच्या बुडबुड्यांसारखें काय वाजतें आहे?” मी कान देऊन ऐकलें. तो तंबोरा होता!

ज्या गांवांत घोडी घासून तंबोऱ्याची जवारी काढण्यांत कारागिरांच्या पिढ्या गेल्या, त्या गांवच्या मास्तरानें आपल्या भावाच्या पाठीमागचा तंबोरा थोड्या जागेच्या लोभानें पुसून टाकला होता. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

आतां तर गाणें घरांत ठेवण्याचीहि गरज उरली नाहीं. मोबाइलवर वर्गणी भरावी आणि हवें तें ऐकावें. याचा लाभ मी नाकारीत नाहीं. जीं दुर्मिळ मुद्रणें ऐकावयास पूर्वीं संग्राहकांचे उंबरठे झिजवावे लागत, त्यांतील पुष्कळशीं आज खाटेवर पडल्या पडल्या ऐकतां येतात. पण वर्गणी थांबली कीं तें भांडारहि हातचें जातें. आणि एक चीज संपते न संपते तोंच पुढची कोणती, हें यंत्रच ठरवूं लागतें. तिसऱ्या खेपेस गाळली जात आहे ती आपली निवड. पहिल्या दोन उणिवा यंत्रज्ञांनीं भरून काढल्या. कांहींहि न वगळतां आकार लहान करणारी ‘फ्लॅक’ ही पद्धति २००१ सालापासून उपलब्ध आहे. तिसरी उणीव मात्र घरांतील माणसांनींच भरून काढली पाहिजे. श्रवण, मनन आणि निदिध्यासन या तिहींपैकीं यंत्र फार तर पहिलें सुलभ करील. पुढचीं दोन आपलीं आपणच करावयाचीं.

अण्णांचा तंबोरा गवसणींत पडून होता. पुतण्यानें त्यावर नव्या तारा चढविल्या. टेपच्या वेगामुळें अण्णांची पट्टी किंचित् वर सरकली होती, ती त्यानें कानानें जुळवून घेतली. एका रविवारीं सायंकाळीं सर्वांसमक्ष तें गाणें लावलें आणि शेजारीं नातू तंबोरा छेडीत बसला. गेलें तें परत आलें, असें मी म्हणणार नाहीं. पण चाळीस मिनिटें कोणी जागचें उठलें नाहीं, आणि पुतण्यानें मध्यें एकदां डोळे पुसले.

तेव्हांपासून रविवारचा एक तास ठरला आहे. काय ऐकावयाचें तें आळीपाळीनें एकेकानें निवडावें, आणि तें सर्वांनीं शेवटपर्यंत ऐकावें. नातवाच्या पाळीस माझ्या कानांची कधीं कधीं परीक्षा होते, हेंहि कबूल केलें पाहिजे.

वाचकांपैकीं अनेकांच्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील. त्या अवश्य उतरवून घ्याव्या, पण कांहींहि न गाळतां. प्रती दोन कराव्या व दोन ठिकाणीं ठेवाव्या. आणि मूळ कॅसेट टाकूं नये. ज्यानें घाई केली, त्याचें एवढेंच सांगणें आहे.