अंतराळात ओढलेली काच

खंडाखंडांतली इंटरनेटची बहुतेक वाहतूक समुद्रतळावरच्या केसाएवढ्या काचतंतूंतून होते. हे तंतू सिलिकाचे असतात. झिर्कोनियम, बेरियम, लँथेनम, अ‍ॅल्युमिनियम आणि सोडियम यांच्या फ्लोराइडांची ‘झेडब्लॅन’ काच अवरक्त प्रकाश त्याहून खूपच कमी घटीने वाहून नेऊ शकेल, असे सिद्धान्त सांगतो. १९७०च्या दशकात फ्रान्समध्ये सापडलेली ही काच मग मागे का राहिली? पृथ्वीवर तंतू ओढताना तिच्यात सूक्ष्म स्फटिक धरतात आणि त्यांवर प्रकाश विखुरतो. अंतराळातल्या सूक्ष्मगुरुत्वात हे स्फटिकीकरण बरेच दबते.

२०२४च्या सुरुवातीला फ्लॉलेस फोटॉनिक्स या कंपनीने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असा ११ किलोमीटरहून अधिक तंतू ओढला. मात्र यंत्र वर पाठवणे आणि माल खाली आणणे महाग असते. सुरुवातीच्या चाचण्यांतून नफा मिळत नाही. म्हणूनच नासाची अंतराळ-उत्पादन योजना कंपन्यांना प्रात्यक्षिकांसाठी पाठबळ देते. हे स्थानक २०३०च्या सुमारास निवृत्त होणार आहे. तोवर खासगी स्थानके उभी राहिली नाहीत, तर हाती आलेले कौशल्य अर्ध्यावर थांबेल. बाजारपेठ तयार होण्याआधीच्या या वर्षांतच सरकारी मदतीची खरी गरज आहे.