अंबाडीचा दोर, कापसाची चिंधी

हाती केलेल्या जुन्या कागदाचे पान उजेडासमोर धरले, की अक्षरांमागून बारीक समांतर रेषा उमटतात. त्या गवताच्या काड्यांच्या खुणा. काड्या घोड्याच्या केसांनी विणून कागद्याने, म्हणजे कागद करणाऱ्याने, चटई केली, तिच्यावर लगदा उचलला आणि चटईचा ठसा पानात कायमचा राहिला.

असा कागद वऱ्हाडाने जिवापाड जपला. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ती मूळ प्रत राहिली नाही. नकला करणाऱ्या महानुभावांच्या हातांनी ग्रंथ वाचवला. कारंजा लाडच्या जैन भांडारांतही पोथ्यांचे बासन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी तिथल्या अपभ्रंश पोथ्या अभ्यासल्या आणि त्यांतला ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये संपादित करून प्रकाशात आणला. लिहिणाऱ्यांची, संपादकांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. कागद करणाऱ्यांची मात्र बहुधा वस्तीच तेवढी नावावरून ओळखू येते: दौलताबादजवळचा कागजीपुरा, जुन्नरचा आणि पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा.

कापसाच्या मुलखात वाटते, की हा जुना कागद कापसाचाच असणार. बहुतेकदा तसे नव्हते. आपल्याकडचे कागदी मुख्यतः ताग, अंबाडी अशा वाखाच्या वस्तू वापरत. झिजलेले दोर, फाटकी गोणपाटे, निकामी जाळी, जे कुणालाच नको ते त्यांना हवे असे. अंबाडीची भाजी आणि भाकर वऱ्हाडाच्या रोजच्या जेवणातली. तिच्याच सालीचा वाख बैलांच्या दाव्यांना लागे. असे तुटलेले दावे हा कागद्याचा कच्चा माल.

तो माल आधी चुन्याच्या पाण्यात मुरवायचा, पायाने चालणाऱ्या ढेकीखाली कुटायचा, वाहत्या पाण्यात धुवायचा, आणि पुन्हा कुटायचा. दिवसच्या दिवस यात जात. मग लगदा हौदात कालवायचा. पाण्याच्या मानाने तंतू इतके थोडे, की हौद नुसता गढूळ दिसतो. कागदी काठावर उकिडवा बसून साचा बुडवतो, आडवा उचलतो, किंचित हलवतो. पाणी निथळते आणि तंतू एकमेकांत गुंततात. सगळी कला त्या हलवण्यात आहे, कारण पानाची जाडी तिथेच ठरते. ओली पाने एकावर एक रचून दाबतात, मग गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवतात. शेवटी तांदळाची खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटाई नीट झाली तर बोरू अडत नाही, शाई फुटत नाही.

गिरण्यांचा कागद आला आणि कागदीपुरे ओस पडले. वर्धा नदीच्या पलीकडे, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातकागदाला पुन्हा हात घातला. पुण्यात १९४० मध्ये के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था उभारली. वसंत कृष्ण वैद्य यांनी सुलेखन केलेल्या राज्यघटनेच्या हिंदी प्रतीचा कागद पुण्याचाच.

या नव्या हातकागदात कापूस मानाने आला. शिवणकामातली सुती कात्रणे त्याला उत्तम. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पाडणारे लाकडातले लिग्निन त्यात जवळपास नसते, म्हणून चित्रकार हा कागद निवडतात. ज्या मातीत कापूस पिकतो, तिथल्या मुलांना त्याच्या चिंध्यांचा कागद होताना एकदा तरी पाहायला मिळावा.

सुरुवात शाळेतही करता येते. वहीचे जुने कागद रात्रभर भिजवून मिक्सरमधून फिरवायचे, परातीत कालवायचे आणि लाकडी चौकटीवर ताणलेली मच्छरदाणीची जाळी त्यातून उचलायची. पान सुती कापडावर उलटून उन्हात ठेवले, की संध्याकाळपर्यंत सुटते. कडा वाकड्यातिकड्या असतात. उजेडासमोर धरले तर जाळीच्या चौकड्या दिसतात.