लिपींचे दप्तर, लेखांक ६ : कोरियन अक्षरांचे गणित

देवनागरीचे जोडाक्षर संगणकाच्या स्मृतीत सुट्या वर्णांच्या रूपाने राहते व पडद्यावर येतानाच त्याचा संयोग होतो, हे आपण मागील लेखांकात पाहिले. कोरियाची हान्गुल लिपी स्वभावाने अशीच संयोगशील असूनही तिच्या वाट्याला निराळा इतिहास आला. आणि तो लिपीच्या दोषामुळे नव्हे, तर मानक ठरविणाऱ्यांनी तिचा हा स्वभावच काही काळ दृष्टीआड केल्यामुळे आला, असे माझे स्पष्ट मत आहे.

राजा सेजोंग याने १४४३ साली सिद्ध केलेली व १४४६ साली प्रजेसाठी जारी केलेली ही लिपी आपले वर्ण ओळीत न मांडता चौकोनात बसविते : आरंभी व्यंजन, त्याच्या उजवीस किंवा खाली स्वर, आणि असल्यास तळाशी अंत्य व्यंजन. आजच्या प्रघातानुसार आद्य व्यंजने १९, स्वर २१, आणि अंत्य व्यंजने, ती नसण्याचा पर्याय धरून, २८; यांचा गुणाकार ११,१७२, आणि संभाव्य अक्षरे नेमकी तेवढीच.

१९८७ च्या राष्ट्रीय मानकाने मात्र ९४ ओळी व ९४ स्तंभांच्या कोष्टकात हान्गुलची अवघी २,३५० तयार अक्षरे घेतली आणि त्याच कोष्टकात ४,८८८ चिनी अक्षरांना जागा बहाल केली. रोजच्या मजकुराला ही तरतूद बहुतेक पुरे. पण ‘त्तोम्’ हे अक्षर यादीत नसल्यामुळे ‘त्तोम्बांग काक्हा’ या दूरचित्रवाणी-मालिकेचे नावसुद्धा त्या मानकानुसार लिहिता येईना. वर्ण जुळवून हवे ते अक्षर लिहिण्याची जी मुभा साध्या लेखणीला शतकानुशतके होती, ती यंत्राने काढून घ्यावी, हे मला आजही अक्षम्य वाटते.

कारण पर्याय उपलब्ध होता. ‘जोहाप’ म्हणजे संयोगी पद्धतीत सोळा द्विमान अंकांपैकी पहिला ओळखीसाठी राखून उरलेले पंधरा तीन वर्णांना पाच-पाच वाटून देत. पाच अंकांत ३२ पर्याय मावतात, आणि १९, २१, २८ यांतील एकही संख्या त्या मर्यादेपलीकडे जात नाही. १९९२ साली या पद्धतीला मानकाच्या परिशिष्टात जागा मिळाली, परंतु मुख्य कोष्टक जैसे थे राहिले.

निवाडा युनिकोडने केला. आधी २,३५० व मग ६,६५६ अक्षरे घेऊन झाल्यावर, १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत जुनी स्थाने रद्द करून सर्व ११,१७२ अक्षरे ४४,०३२ या क्रमांकापासून ओळीने मांडण्यात आली. आद्य व्यंजनाच्या क्रमांकाला ५८८ ने व स्वराच्या क्रमांकाला २८ ने गुणावे, अंत्य व्यंजनाचा क्रमांक मिळवावा आणि बेरजेत ४४,०३२ घालावेत, की अक्षराचा क्रमांक हाती येतो, मोजणी शून्यापासून. ‘हान्’ या अक्षरात ‘ह’ १८ वा, ‘आ’ शून्यावा, अंत्य ‘न’ ४ था. म्हणून क्रमांक ५४,६२०. उलट भागाकार केला की तेच तीन वर्ण पुन्हा सुटे होतात. यादी आणि संयोग यांचा इतका निर्मळ मेळ मला अन्य लिपीत आढळलेला नाही.

या स्थलांतराने जुने दस्तऐवज निकामी होण्याचा धोका उत्पन्न झाला, आणि म्हणूनच एकदा दिलेले स्थान पुढे कधीही न हलविण्याचा नियम युनिकोडने स्वतःवर घालून घेतला. वाचकांनी आता ‘हान्गुल’मधील दुसरे अक्षर स्वतः सोडवून पाहावे : ‘ग’ शून्य, स्वर १८, अंत्य ‘ल’ ८; उत्तर ४४,५४४ यावयास हवे.